कोरड्या नळातला ठोका

कोरड्या नळातून आलेला तो ठोका आठवला, की आजही माझा हात तोटीवर थबकतो.

आंबेगाव तालुक्यातल्या महामार्गालगतच्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. हद्दीतल्या एका गावात उसाच्या जागी भाड्याच्या खोल्या आणि इमारती उभ्या राहिल्या होत्या. पाण्याची योजना मात्र जुन्या गावापुरतीच. आमचं मनुष्यबळही तेव्हाचंच.

एका सकाळी तिथली एक भाडेकरू बाई ठाण्यात आली.

"साहेब, नळात कोन तरी हाय."

ठाणे अंमलदार हसला. ती हसली नाही.

"पानी नसताना पाइपात ठकठक व्हती. लोक म्हनत्यात, हितं मसणवाटा व्हता. भूत पळावं म्हनून समदी घंटा वाजवत्यात. मी पळीनं पाइपावर ठोकलं, तर तेवढंच परत वाजलं. भूत असं उत्तर देतं व्हय?"

मी जीप काढायला सांगितली.

इमारतीत शिरलो तर प्रत्येक तोटीला हळदकुंकू लावलेलं, कुणी तोटीत फडकं कोंबलेलं. भरदिवसा जिन्यात चिटपाखरू नव्हतं. मी जीपच्या किल्लीनं पाइपावर ठोकलं. बराच वेळ काहीच नाही. मग अगदी खोलातून तसाच ठोका आला.

इमारतीचा मालक गावातलाच. त्याला तळमजल्यावरच्या ऑफिसात बसवून विचारपूस सुरू केली.

"इथली नळदुरुस्ती कोण करतं?"

"व्हता एक प्लंबर, डिंगोरे गावचा. गेला गावाला."

हवालदारानं त्या प्लंबरच्या बायकोचा नंबर मिळवून फोन लावला. तो गावी पोहोचलाच नव्हता. इतक्यात ऑफिसातल्या बेसिनमधून ठोका आला. आम्ही सगळ्यांनी नळाकडे पाहिलं. मालकानं खिडकीबाहेरच्या पत्र्याच्या शेडकडे पाहिलं.

घाबरलेला माणूस आवाजाकडे बघतो. ज्याला ठाऊक असतं, तो आवाज जिथून येतो तिकडे बघतो.

"शेड उघडा."

"भंगार हाय, साहेब." शेडपाशी त्यानं किल्ली काढली, पण कुलूप उघडण्याऐवजी ती माझ्याच हातात दिली. "चोरून लाइन जोडायची व्हती. त्याला खड्ड्यात उतरवला, माती ढासळली. हाका मारल्या, आवाज नाय. मेला वाटलं मला. वर पत्रे टाकले."

"मग हे ठोके कुणाचे वाटले?"

"त्याचंच भूत वाटलं, साहेब."

घमेल्यांनी माती उपसली. ढासळलेल्या मातीआड, मुख्य पाइपाला चिकटून तो बसलेला होता. पाय दबलेला, हातात पाना, डोळे उजेडाला उघडत नव्हते. पाइपाच्या सांध्यातून झिरपणाऱ्या पाण्यानं त्याला इतके दिवस जगवलं होतं.

दवाखान्यात जबाब देताना तो म्हणाला, "पाइपाला कान लावला की घंटा ऐकू यायची. वाटायचं, आली मान्सं. मग समदं गप व्हायचं."

मालकाला शिक्षा झाली. प्लंबर पुढे लंगडतच कामाला लागला.

लोक वाढले की पाणी कमी पडतं, रस्ता कमी पडतो, पोलीस कमी पडतात. हे सगळं मंजूर करून आणता येतं. त्या दिवशी मात्र मी वेगळंच शिकलो. तो प्लंबर त्याच इमारतीत राहायचा. तपासात त्याच्या शेजारच्या खोलीत विचारलं, "हा दिसत नाही, हे तुमच्या लक्षात आलं नाही?"

दार धरून उभ्या माणसानं मलाच विचारलं, "हितं शेजारी कोन राहत व्हतं का?"