आधी वायर, मग परवानगी

वाघमारेदादा आधी वायर काढायचे आणि मग विचारायचे, "काढू का?" आमच्या हिंगोलीकडच्या दवाखान्यात कॉम्प्युटर नवे आले होते, ते दादाच सांभाळायचे; पण इंटरनेटची लाईन सगळ्यांत मिळून एकच, तीही अरुंद. आठवड्यातून एकदा शहरातले लेकरांचे मोठे डॉक्टर पडद्यावर यायचे. तेवढा वेळ दादा खोल्याखोल्यांतून वायरी उपटत फिरायचे. औषधांचा क्लार्क खवळायचा, "माझा रिपोर्ट अडकला ना!" दादा म्हणायचे, "रिपोर्ट उंद्या जाईल साहेब. पेशंटचं तसं न्हाई."

"लाईन एकच हाय अन् घाई समद्यालाच," हे त्यांचं पालुपद. मी नर्स, मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. एकदा त्यांनीच समजावलं, "चित्राला लाईन लई लागती सिस्टर, आवाजाला थोडी. जोर कमी पडला की मी चित्र सोडतो, आवाज धरतो. माणसाचं बोलणं तुटू नये."

एके दिवशी शिरड शहापूरचं मेंढरं राखणारं जोडपं दोन महिन्यांची लेक घेऊन आलं. तिला धाप लागली होती. मी ऑक्सिजन लावला, पण आमचे डॉक्टर ऑपरेशनात अडकलेले, आणि डॉक्टरांच्या शब्दाशिवाय मला गाडी सोडता येत नव्हती. पडद्यावरचे डॉक्टर म्हणाले, "मला छाती हलताना दिसू द्या."

चित्र काही त्यांच्यापर्यंत पोचेना. वायरी तर सगळ्या आधीच काढलेल्या. शेवटी दादांनी आवाज बंद केला. चित्र पोचलं, अगदी स्वच्छ, आणि तिथेच अडकलं. त्यात लेकरू निवांत झोपलेलं. आमच्यासमोर ते निळं पडत होतं! आई माईकला तोंड लावून ओरडत होती, "साहेब, बघा की! श्वास अडकून राहिला हो!" दादा त्या डॉक्टरांना फोन फिरवत होते, तो लागेना. पडद्यावर अक्षरं उमटली: बाळ शांत आहे, उद्या तिथल्या डॉक्टरांना दाखवा. पुढच्या दवाखान्याची वेळ झाली होती, डॉक्टर गेले. मी त्या मेल्या पडद्यावरच हात आपटला.

अर्ध्या तासाने आमचे डॉक्टर बाहेर आले, एका नजरेत त्यांनी ओळखलं आणि गाडी नांदेडला सोडली. शिरडच्या फाट्यावर, त्यांच्याच गावाजवळ, लेकरू गेलं.

आठ दिवसांनी बाप आला आणि दादांच्या पाया पडला. "तुमी लई धडपड केली, दादा." दादांना त्याच्याकडे बघवेना.

त्याच महिन्यात त्यांनी रेकॉर्डरूममध्ये बदली मागून घेतली. मला रागच आला. म्हटलं, "काहून चाललात? बाहेरची लाईन काय तुमच्या हातात होती?"

"न्हाई सिस्टर, ती न्हवती. पर आवाज माज्या हातात होता. ती माय सांगून राहिली होती, बराबर सांगून राहिली होती, अन् तिचं तोंड म्याच बंद केलतं."