माझा आवाज का बदलला

पोरांनो, गेले पाच महिने तुम्ही विचारताय की आजी फोनवर का बोलत नाही, नुसते मेसेज का पाठवते. मी कधी नेटवर्कचं कारण दिलं, कधी घशाचं. दोन्ही खोटं होतं. या रविवारी मी तुमच्याशी बोलणार आहे. पण माझा आवाज ऐकून तुम्हाला वाटेल कुणी भलताच माणूस बोलतोय, म्हणून आधी हे लिहून पाठवते.

गेल्या पावसाळ्यानंतर मला विहिरीपासून ओटीपर्यंतच्या आठ पायऱ्या चढवेनात. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सहा. रत्नागिरीतच मला दोन पिशव्या रक्त चढवलं, मग आंबा घाट चढून कोल्हापूरला गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कमरेच्या हाडातून मगज काढून तपासला. हाडांच्या पोकळीत थोड्या मूळ पेशी असतात. त्या विभागत राहतात आणि त्यांतून सगळं रक्त तयार होतं. माझ्या मूळ पेशी फार थोड्या उरल्या होत्या आणि ज्या होत्या त्या सुस्तावल्या होत्या. मोठे उपचार या वयात झेपणार नाहीत, म्हणून त्यांनी कॅप्सूल लिहून दिल्या, पुरुषांच्या हार्मोनच्या जातीच्या.

मी विचारलं, "बाईमाणसाला पुरुषाचं औषध?"

"तुमच्या पेशी तक्रार करणार नाहीत, आजी," त्या हसून म्हणाल्या. "हे हार्मोन त्यांना हलवून जागं करतं. बायकांचं हार्मोनही आपल्या परीनं तेच करतं. उंदरांमध्ये दिसलंय, मादीच्या मूळ पेशी नरापेक्षा जास्त विभागतात, आणि गाभण असताना त्याहून जास्त. रक्त जास्त लागतं ना!"

परतताना घाटभर मी तुमच्या आईचा विचार करत होते. ती पोटात असताना माझ्या हाडांमध्येही असंच काही चाललं असेल, आणि मी मात्र तेव्हा फक्त ओकाऱ्या मोजत होते.

तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन साडेनऊ झालं. आवाजही बसला तो बसलाच, जाड झाला. हनुवटीवर केस आले. मुंबईहून आंब्यांसाठी फोन आला की मी "हॅलो" म्हणायचा अवकाश, लगेच, "काका, जरा काकूंना द्या." तुमचे आजोबा म्हणत, "बरं झालं, आता घरात दोन पुरुष. पाणी कोण भरणार ते ठरवून घेऊ." मी हसत असे. मग मोरीत जाऊन चिमट्यानं केस उपटत असे, रोज, सकाळी आणि दुपारी.

चैत्रातलं हळदीकुंकू आपल्याकडे असतं हे तुम्हाला माहीत आहे. आळीतल्या चाळीसएक बायका येतात आणि गौरीपुढची गाणी मी सांगते. यंदा त्या चाळीस जणींसमोर तोंड कसं उघडायचं, याचीच मला धास्ती बसली. शिमगा झाला आणि मी कॅप्सूल बंद केल्या. वाटलं, महिन्याभरात आवाज येईल, मग पुन्हा सुरू करू. औषधाच्या वहीत मात्र मी रोज खूण करत होते. आयुष्यात इतकी नीटनेटकी खोटी नोंद मी कधी केली नव्हती. वही आजोबा बघत असत.

आवाज काही येईना. मी सकाळी आंघोळ करताना दोन ओळी म्हणून बघायची, दुपारी पुन्हा बघायची. हळदीकुंकवाच्या दोन दिवस आधी बाजारात बांगड्या भरायला गेले. कासारीण म्हणाली, "हात सैल सोडा ओ, कितीसं दुखतंय!" आणि तिनं पंजा दाबून हिरव्या बांगड्या चढवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी हाताची पाठ मनगटापर्यंत काळीनिळी. नडग्यांवर लाल ठिपके.

आजोबांनी हात पाहिला, मग वही पाहिली. "खुणा आहेत," ते म्हणाले. "कॅप्सूल आहेत का पोटात?"

त्यांनी औषधाचा डबा उघडला, भरलेल्या पाकिटांकडे पाहिलं आणि रिक्षा आणायला गेले.

प्लेटलेट्स अगदी खाली गेल्या होत्या, हिमोग्लोबिन सात. हळदीकुंकवाच्या दिवशी मी इस्पितळात पडून होते, एक पिशवी संपून दुसरी लागली होती. कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "आजी, औषध सोडून आवाज परत येईल याची खात्री नाही. रक्त मात्र जातं, ते तुम्ही पाहिलंत." त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

हळदीकुंकू शेजारच्या वहिनींनी आपल्याच घरी पार पाडलं. दुसऱ्या दिवशी डाळ आणि पन्हं घेऊन त्या इस्पितळात आल्या. मी पदर तोंडावर घेतला.

"तो पदर काढा आधी," त्या म्हणाल्या. "हनुवटीचं आम्हाला माघातच कळलंय. चाळीस जणी काय आंधळ्या आहेत? गाणं सांगायला कुणी नाही म्हणून काल सगळ्या बेसूर ओरडलो. गौर पळाली नाही हेच नशीब!"

मी हसले. जाड आवाजातच हसले, दुसरा आवाज नव्हताच.

कॅप्सूल पुन्हा सुरू केल्या. हे औषध यकृताला बाधू शकतं म्हणून त्याची तपासणी करावी लागते, ती करते. पेशी या खेपेला ऐकतील की नाही ते कुणी सांगितलेलं नाही, आणि मी दर पंधरवड्याला रिपोर्ट येईपर्यंत ओटीवर येरझारा घालते. आजोबांनी बस म्हटलं तरी बसवत नाही. आजचा रिपोर्ट दुपारी आला. हिमोग्लोबिन नऊ, प्लेटलेट्स चढत्या. पुरतं बरं झालंय असं नाही, आणि पुढच्या रिपोर्टची घालमेल आत्तापासून सुरू झाली आहे. पण अडीच महिन्यांत बाहेरचं रक्त घ्यावं लागलेलं नाही. हाडांतल्या त्या थोड्या पेशी अजून आहेत, आणि काम करत आहेत.