पाचोडजवळचं येसर आणि गल्लीतलं लग्न

आमच्या शहरात औरंगपुऱ्यातल्या एका दुकानदाराने येसरची चाळीस पाकिटं मागितली होती आणि ती आणायला मीच जाईन असं मी बोलून बसले. येसर म्हणजे धान्यं आणि मसाला भाजून दळलेलं पीठ. त्याची आमटी आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत हवीच. ते करणार होत्या माझ्या मैत्रिणीच्या शोभाकाकू आणि त्यांच्या बचत गटातल्या पाच जणी. ही त्यांची शहरातली पहिली ऑर्डर. वेळेत पोचली नाही तर दुसरी मिळणार नव्हती.

जायचं असेल तर बीडकडची सकाळची एसटी धरा. बायकांना अर्धं तिकीट. मी आडूळपर्यंत उभीच होते. पाचोडला उतरून शेअर रिक्षाने वीस रुपयांत काकूंचं गाव.

अंगणात धान्य निवडून ठेवलेलं, पण चूल थंड. काकू पदर खोचून बाहेर निघालेल्या.

"कौसाबाईच्या लेकीचं लगीन हाय. तिचं येसर सगळ्या मिळून भाजायलोत. माझ्या पाची जणी तिथंच हायेत."

"पण काकू, आपली पाकिटं? मला पाचची गाडी..."

"व्हय, ठाऊक हाय. चल, तू बी बस."

लग्नघरी कढईत मिरची पडली आणि मला ठसका लागला.

"शहरातल्या पोरीला मिरची लागली गं!" एकजण हसली.

"मिरची नाय, ऑर्डर लागलीय तिला," काकू म्हणाल्या.

पिठलं-भाकरी झाल्यावर कौसाबाईंनी हाळी दिली, "चला गं, आता शोभीचं!" दहा-बारा जणी काकूंच्या अंगणात शिरल्या.

चौथीपर्यंत मला घरीच आत्याने शिकवलं. कुणाचे कष्ट फुकट घेऊ नयेत, हा तिचा पहिला धडा. मी कौसाबाईंना विचारलं, "मावशी, तुमची मजुरी काय धरायची?"

कौसाबाईंनी उलट मलाच विचारलं, "आत्ता शोभीनं माझ्या घरचं भाजलं, तिला मी काय दिलं?"

"पण हे विकायचंय," मी पुटपुटले.

"इकू दे की. तिची लेकरं शिकतील, ती काय परगावची हायेत का?"

गिरणीवाल्या शमीमभाभी हसल्या. "इत्ता हिसाब नक्को करो, बाई. चाळणी पकडो."

मी चाळणी धरली. भाभींनी आमचं दळण सगळ्यांच्या आधी लावलं. गरम पीठ भरलं तर पाकिटाला आतून घाम येतो. म्हणून ते धोतरावर पसरून चौघींनी सुपांनी वारा घातला. साडेचारला चाळीस पाकिटं बंद झाली आणि मी पाचची गाडी गाठली.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराने एक पाकीट फोडून हुंगलं. "पुढच्या महिन्यात ऐंशी. तारीख सांगा."

घरी येऊन काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, "थांब, गल्लीत कुणाचं लगीन हाय का बघते. आधी तिचं भाजू, मग सगळ्या आपल्याकडं."

आधी मी याला दिरंगाई म्हटलं असतं. आता दुकानदाराला मीच कळवलं: तारीख गावात विचारून सांगते, पाकिटं ऐंशीच्या ऐंशी मिळतील.