शंखजिऱ्याचा डबा

बी.एस्सी. झाल्यावर मला पहिली नोकरी लागली ती शंखजिरं दळणाऱ्या एका लहानशा कारखान्यात. कर्जतहून चौकला जाताना, चौकच्या जरा अलीकडे त्याची पत्र्याची शेड होती. राजस्थानातून ट्रकने धोंडे यायचे, पांढरे, हिरवट झाक असलेले. नखाने ओढलं तरी रेघ उठावी इतका मऊ, टाल्कम पावडर होते तो दगड. तो दळून, चाळून गोण्यांत भरला की कुठे कुठे जायचा! रबराच्या ट्यूबा एकमेकींना चिकटू नयेत म्हणून त्यांच्यावर भुरभुरायला, रंगात मिसळायला, गाड्यांच्या प्लॅस्टिकला ताठपणा आणायला. आम्ल ओता, तापवा, ते पीठ ढिम्म. मला त्याचं फार कौतुक वाटायचं.

गोण्या भरायला पळसदरीच्या वरच्या एका वाडीतल्या ठाकर बायका टेंपोने येत. त्यांतल्या थोरल्या बाईंना मी मावशी म्हणायचे. पहिल्याच दिवशी मी चाळणीशी जरा जास्तच वाकले आणि डोक्यापासून पायापर्यंत पांढरी झाले, तेव्हा त्या पोट धरून हसल्या होत्या. "ताई, पिठात पडल्याल्या उंदरावानी दिसताय गं!" तेव्हापासून आमचं जमलं. पावसाच्या तोंडावर त्या माझ्यासाठी शेवळांची रानभाजी आणायच्या, सोबत काकडाची आंबट फळं, आणि दर वेळी बजावायच्या, "काकडं घातल्याबिगर रांधू नका. घसा खाजंल."

एका उन्हाळ्यात मावशींना नात झाली. बाळाचं अंग घामोळ्यांनी भरलं म्हणून त्यांनी डबाभर शंखजिरं घरी नेलं. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. सगळेच नेत. आमच्या घरीही कॅरम घासायला माझा भाऊ तेच वापरायचा.

त्याच सुमारास तोंडाला लावायची पावडर करणाऱ्या एका कंपनीने आमच्याकडे माल मागितला. मालक खूश झाले. ते कर्जतचेच, आधी शाळेत विज्ञान शिकवलेले. कारखाना म्हणजे त्यांचा उतारवयातला हट्ट होता. कंपनीला तपासणीचा दाखला हवा होता, म्हणून मी नमुना मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवला. उत्तर आलं, त्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू आहेत.

जमिनीच्या पोटात हे दोन्ही दगड कधीकधी शेजारी शेजारी तयार होतात. शंखजिऱ्याचे कण चपटे, पापुद्र्यासारखे. हे तंतू सुईसारखे. श्वासातून आत गेले की फुप्फुसात रुतून बसतात आणि त्यांचं दुखणं उमटायला निम्मं आयुष्य जाऊ शकतं. आमच्याकडच्या जुन्या मायक्रोस्कोपखाली मी पुन्हा पुन्हा बघत राहिले. पापुद्र्यांच्या गर्दीत बारीक सुया होत्या.

सुपरवायझर म्हणाला, "पावडरवाल्यांना नको द्यायला. रंगवाल्यांना देऊ. ते कुठे विचारतायत?"

मालकांनी प्रयोगशाळेचा कागद पुन्हा वाचला. मग म्हणाले, "आणि गोण्या भरणाऱ्या बायांचं काय? त्यांच्या नाकात तर तेच जाणार ना?" त्यांनी स्वतः उठून चक्की बंद केली.

दुसऱ्या खाणीचा दगड मिळवायची त्यांनी खटपट केली, पण ती जमली नाही. पाऊस सुरू व्हायच्या आत शेडला कुलूप लागलं. सगळ्या बायकांना बसवून त्यांनी कारण समजावून सांगितलं होतं. त्यांना ऐकू आलं ते एवढंच, की ताईंनी कसलीशी तपासणी केली आणि काम गेलं.

मी वाडीवर गेले ती त्या डब्यासाठी. मावशी अंगणात लाकडं फोडत होत्या. मला बघूनही त्यांचा हात थांबला नाही.

"मावशी, ती पावडर बाळाला लावू नका. घरात ठेवूच नका."

"रोजी गेली. आता डबा पण न्यायला आलात?"

"त्यात वाईट धूळ आहे. छातीत बसते."

"मी इतकी वर्सं खाल्ली ती धूळ. मला काय झालंय?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "का व्हनार हाय?"

काही होईलच असं नव्हतं, होणारच नाही असंही नव्हतं, आणि हे असं सांगून कुणाला काय मिळणार होतं? मावशी आत गेल्या, डबा आणून माझ्यासमोर टेकवला. धूळ उडू नये म्हणून मी त्यात पाणी ओतलं. पण शंखजिरं पाण्याला जुमानत नाही. ते ओलं न होता वर वर तरंगत राहिलं. मग मी साबणाचं पाणी करून मागितलं. त्यांच्या मुलीने ते करून दिलं. माझ्या हाताने कालवून, परसात खड्डा खणून मी तो डबा पुरला. मावशी दारात बाळाला घेऊन उभ्या होत्या. निघताना चहा विचारला नाही. त्या घरातून मी चहा न घेता कधी परतले नव्हते.

मालक पुढे दोन-तीन वर्षांत गेले. शेडमध्ये आता फार्महाऊसवाल्यांच्या फरशा ठेवलेल्या असतात.

गेल्या वर्षी पळसदरीच्या धरणावर पाहुण्यांना घेऊन गेले होते. मावशी रस्त्याच्या कडेला करवंदं विकत होत्या. थकल्या होत्या, पण खोकत नव्हत्या. माझं लक्ष आधी तिकडेच गेलं. मी नातीची चौकशी केली.

"बरी हाय. आश्रमशाळेत हाय."

"एकदा दवाखान्यात छाती तपासून घ्या, तुम्ही आणि तीपण. मी येते बरोबर."

"बरं हाय ना समदं," त्या म्हणाल्या, "मग कशाला?"

त्यांनी पानाच्या द्रोणात करवंदं भरून माझ्या हातात दिली. मला अजून बोलायचं होतं. तेवढ्यात एक गाडी थांबली, काच खाली झाली, आणि मावशी टोपली उचलून तिकडे गेल्या.