चंबळच्या नावेतली पगडी

ग्वाल्हेरच्या आमच्या लश्कर भागात माणूस चेहऱ्यावरून ओळखत नसत. चेहरा जवळ आल्यावर दिसतो, पगडी लांबूनच दिसते. आमच्या गल्लीच्या, म्हणजे दाना ओलीच्या तोंडाशी बाबांची अंजिरी पगडी दिसली की आई गच्चीवरून खाली उतरायची आणि पानं मांडायला घ्यायची. इतरांच्या पगड्या बहुतेक लाल असत, आमच्या घरात मात्र आजोबांपासून अंजिरी चालत आलेली. दरबारच्या नोकरीतला माणूस पगडीशिवाय बाहेर दिसला, तर घरी काही अशुभ घडलं का, असं शेजारीपाजारी हळूच विचारून जात.

चंबळची नाव बुडाली तेव्हा बाबा बोडक्याने घरी आले आणि त्यानंतर त्यांनी पगडी कधी घातलीच नाही. टोपी बाजारातून एक काळी टोपी आणली आणि तीच घालू लागले. लोकांनी त्याचा अर्थ लावायचा तो लावलाच.

संस्थान विलीन होण्याच्या आदल्या पावसाळ्यातली ही गोष्ट. मथुरेहून परतणारी लश्करची बरीच मंडळी पुरामुळे गाड्या बंद पडल्याने नावेतून चंबळ ओलांडत होती. बाबांची त्या घाटावर कारकून म्हणून नेमणूक होती आणि तेही त्याच नावेत होते. ऐन मध्यावर एक मोठा ओंडका येऊन आदळला आणि नाव कलली. एक लहान डोंगी कशीबशी जवळ आली. नावेचा दोर तिला लावून बायका-मुलांना उतरवलं, आणि डोंगी सुटली तशी मोठी नाव उलटली. काही पुरुष पोहत निघाले, काही निघालेच नाहीत. त्या वर्षी लश्करात कितीतरी घरांत दिवाळीचा दिवा लागला नाही.

त्यावर चौकशी झाली आणि दोन साक्षी निघाल्या. काठावर उभे असलेले एक निवृत्त सुभेदार म्हणाले, घाटावरचा कारकून डोंगीत बसून सगळ्यांच्या आधी निघाला, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. नावेतून पोहत वाचलेले टोपी बाजारातले एक कापडवाले म्हणाले, खोटं आहे, तो कारकून शेवटपर्यंत दोर धरून नावेत उभा होता, उघड्या डोक्याने. सुभेदार लढाईवर जाऊन आलेले, त्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. कापडवाले बिचारे पाणी पिऊन अर्धमेले झालेले, आणि त्यातून आमच्याकडे उठबस असलेले. बाबांच्या नावापुढे शेरा पडला की प्रवाशांना टाकून पळाले.

मग विलीनीकरण झालं, मध्यभारत हे नवं राज्य झालं. जुन्या संस्थानच्या नोकरांपैकी कोणाला नव्या सरकारात घ्यायचं आणि कोणाला घरी पाठवायचं, याची छाननी सुरू झाली. बाबांच्या शेऱ्यावर नव्याने सुनावणी लागली. शेरा राहिला तर नोकरी जाणार होती, पण त्याहून मोठं म्हणजे बाबा जन्मभर ‘पळालेला’ म्हणून राहणार होते. आणि सुनावणी घ्यायला माणूस आला तो इंदूरचा. आमच्या ओलीत त्यावर बराच हशा पिकला. इंदूरवाला ग्वाल्हेरच्या माणसाला काय न्याय देणार? त्यातून साहेब बुटके, सुपारी चघळणारे, आणि डोक्यावर काहीच नाही, ना पगडी ना टोपी. अशा माणसाला डोक्याची किंमत काय कळणार, असं सगळ्यांत मोठ्याने मीच म्हणाले होते. मी तेव्हा कॉलेजात होते आणि माझ्या जिभेला हाड नव्हतं.

बाबांना त्या दिवसांत ताप यायचा, म्हणून मी टांग्यातून त्यांच्यासोबत फूलबागेजवळच्या कचेरीत गेले आणि दाराजवळच्या बाकावर बसले. सुभेदारांनी आपली साक्ष जशीच्या तशी सांगितली. साहेबांनी सुपारी गालात सारली आणि विचारलं, चेहरा पाहिलात का?

“चेहरा कशाला बघायचा साहेब? पगडी साफ दिसत होती ना. अंजिरी पगडी, पूर्ण लश्करात एकाच घराची.”

“मला या गावातल्या सगळ्या पगड्या सारख्याच दिसतात,” साहेब म्हणाले. “म्हणून विचारतो. चेहरा पाहिलात?”

कचेरीत खसखस पिकली. मलाही हसू आलं. पण सुभेदार हसले नाहीत. खांद्यांवर घोंगडी होती, वर पगडी होती, पाऊस होता, एवढं त्यांनी एकेक करून आठवलं आणि म्हणाले, चेहरा नाही पाहिला. भरल्या कचेरीत आपला शब्द असा मागे घेणं त्यांच्यासारख्याला किती जड गेलं असेल, हे मला आता कळतं. बाबा त्यांच्यावर कधीच चिडले नव्हते. घरी मी सुभेदारांना खोटारडे म्हटलं की बाबा मलाच गप्प करत आणि म्हणत, ते दिसलं तेच सांगतायत, आणि कापडवालेही दिसलं तेच सांगतायत.

साहेबांनीही तेच धरलं. दोघेही खरे मानले तर पगडी डोंगीत होती आणि माणूस नावेत. ही गोष्ट लश्करात कोणाच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं, कारण पगडी आणि माणूस आम्ही कधी वेगळे काढलेच नव्हते. ज्याला पगडी वाचता येत नव्हती त्यालाच ते सुचलं. साहेबांनी बाबांना विचारलं, पगडी कोणाच्या डोक्यावर होती?

“ते मी सांगणार नाही,” बाबा म्हणाले.

साहेबांनी पुन्हा विचारलं, समजावलं, शेवटी म्हणाले की असं असेल तर मला शेरा काढता येणार नाही. दोन दिवसांनी या, तोवर विचार करा.

घरी आल्यावर माझा तोल गेला. मी अंगणात उभी राहून बाबांवर ओरडले. दाना ओलीत घराला घर चिकटलेलं, एका घरात भांडं पडलं तर तीन घरांत ऐकू जातं, याचं मला भान नव्हतं. “बाबा, तुम्ही बोलून का नाही देत? कोणाची लाज झाकताय? आणि आमच्या लाजेचं काय?” बाबांनी टोपी काढून खुंटीला लावली आणि हात धुवायला गेले. आई पोळ्या लाटत होती, ती लाटतच राहिली.

दोन दिवसांनी आम्ही कचेरीत गेलो तर बाकावर माझ्याआधीच कोणीतरी बसलेलं. समोरच्या बोळातल्या काकू, आलवण नेसलेल्या, डोक्यावरून पदर घट्ट ओढून घेतलेला. त्यांचं केशवपन मी जन्मण्याआधीच झालेलं. नाव बुडाल्यापासून त्यांनी आमच्या घरी पाऊल टाकलं नव्हतं, आणि त्यांनाही बाबा पळपुटे वाटतात, असं आम्ही धरून चाललो होतो. त्या दाना ओलीपासून पायी आल्या होत्या. मांडीवर एक गाठोडं होतं.

साहेबांनी नाव पुकारायच्या आत त्या उठून आत गेल्या आणि उभ्यानेच बोलल्या.

“पगडी माझ्या डोक्यावर होती.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. आवाज अजिबात चढला नाही. पुतणीची लहान मुलगी नावेत त्यांच्याजवळ होती. नाव कलली तेव्हा त्यांनी आलवणाचा पदर सोडून मुलीला पोटाशी करकचून बांधलं, आणि डोकं उघडं पडलं. इतक्या पुरुषांत बोडकं डोकं घेऊन उठायला त्यांचं मन धजेना. डोंगी लागलेली, लोक ओरडतायत, आणि काकू मुलीसकट खाली बसून राहिलेल्या. तेव्हा बाबांनी तोंड दुसरीकडे फिरवलं, आपली पगडी त्यांच्या डोक्यावर ठेवली, घोंगडी खांद्यांवर टाकली आणि म्हणाले, आता उठा. त्या उठल्या. डोंगीतल्या बायकांनी पाहिलं होतं, पण मागच्या चौकशीत बायकांना कोणी विचारलंच नव्हतं, आणि न विचारता कोणी काकूंची लाज वेशीवर टांगणार नव्हतं. पगडी परत करायची तर कुठून आली ते सांगावं लागलं असतं, म्हणून काकू आमच्या दारीच यायच्या बंद झाल्या होत्या.

बोलता बोलता त्यांनी गाठोडं सोडलं. आत पगडी होती, चंबळच्या गाळाने रंग उतरलेली, एका बाजूने बसलेली. साहेब खुर्चीवरून उठून उभे राहिले. त्यांनी विचारलं, हे मी कसं लिहू? आडून लिहिता येईल, तुमचा उल्लेख टाळता येईल. काकू म्हणाल्या, झालं तसं लिहा. कोपऱ्यात उभ्या असलेल्या सुभेदारांनी मान खाली घातली. मला रडू आवरेना, आणि ते कशाचं हे मी आजही नीट सांगू शकत नाही. पुढे बाबा नव्या सरकारात गेले, राजधानीमागोमाग अर्धं वर्ष इंदूर, अर्धं ग्वाल्हेर करत राहिले, मग राजधानी भोपाळला गेली तसे तिकडे गेले. माझं शिक्षण, लग्न, सगळं त्या नोकरीवर झालं. ते सगळं त्या बाईंच्या एका वाक्यावर उभं आहे, आणि त्या बोडक्या डोक्याच्या साहेबांच्या अडाणीपणावर. दोघांनाही मी रोज हात जोडते.

त्या दिवशी बाबांनी काळी टोपी खिशात घातली आणि ती वाकडी, विटलेली पगडी डोक्यावर ठेवली. टांगा केला नाही. फूलबागेपासून घरापर्यंत काकू पुढे, आम्ही दोघं मागे, असे चालत आलो. ओलीतली माणसं दारांत येऊन उभी राहिली. आमच्या दाराशी काकू थबकल्या आणि आपल्या बोळाकडे वळायला लागल्या.

आई गच्चीवरून उतरली होती. आत तीन पानं मांडलेली होती. बाबांनी उंबऱ्यातूनच तिला सांगितलं, “आणखी एक पान मांड.”

“मांडते,” आई म्हणाली. “गच्चीवरून मला नुसती पगडीच दिसली.”