डाव्या खांबावरची ठकठक

नववीत शाळा सुटली आणि मी धुळ्याकडच्या आमच्या गावातून भुसावळला आलो. मालधक्क्यावर केळी भरायचं काम मिळालं. खालचा माणूस घड वर फेकायचा, वॅगनच्या दारात उभं राहून मी तो छातीवर झेलायचा. घड खाली पडला की मुकादम आईबहिणीवरून सुरू व्हायचा, त्यामुळे पडू द्यायची सोयच नव्हती.

एका संध्याकाळी रेल्वेच्या शेडमधला एक बॉयलरवाला तिथं उभा राहून बराच वेळ माझ्याकडे बघत होता. चाळिशीकडे झुकलेला, खांद्यावर गमछा, बगलेत हॉकीची स्टिक.

"ए, गाव कोणतं तुझं?"

"धुळं."

"ए धुळे, उद्या सकाळी मैदानावर ये. आमचा गोलकीपर बदली होऊन गेला. तू चालशील."

"मला हॉकी येत नाही, भाई."

"मला कुठं येते? वीस साल झाले, अजून शिकतोच आहे."

तो रेल्वे कॉलनीच्या संघाचा फुलबॅक. त्यानंच कप्तानाला सांगून संघाचं सामान ठेवायच्या खोलीत मला झोपायला जागा मिळवून दिली. वेताच्या पॅडांचा घामट वास यायचा तिथं. पण डोक्यावर छप्पर होतं, आणि ते कीपर म्हणून होतं. दुपारी भाईच्या घरून भाभीचा डबा यायचा. "धुळेवाला जेवला का?" असं ती मुलाला विचारून पाठवायची. त्या डब्याची मला अजून लाज वाटते, कारण त्या घरात खाणारी तोंडं आधीच पुष्कळ होती.

भाईचा उजवा कान गेलेला. शेडमध्ये उभी हयात हातोडा चालवून शेवटी तेवढंच हाती लागलं, असं तो हसून सांगायचा. पेनल्टी कॉर्नरला तो माझ्या डाव्या हाताच्या खांबाशी उभा राहायचा, म्हणजे त्याचा तो मेलेला कान नेमका माझ्याकडे. मी ओरडलो तरी त्याला कळणार नाही. म्हणून त्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "तू चिल्लाऊ नको. मी खांबावर दोनदा ठोकतो, म्हणजे मी आहे. तू पॅडवर ठोक, म्हणजे तू आहे. बस."

ठक ठक. मग माझी पॅडवर धप धप. चालू खेळात तो मागं वळून बघायचा आणि मी हातानं दाखवायचो. मला हे फार सोयीचं पडलं. तोंड उघडलं की माझी अहिराणी बाहेर यायची आणि कॉलनीतली पोरं नक्कल करायची. म्हणून मैदानावर मी तोंड उघडलंच नाही. तीन हंगाम मुका कीपर म्हणून काढले, आणि चांगले काढले.

चौथ्या वर्षी पावसाळ्यात भाईला कावीळ झाली. कुणीतरी काविळीची माळ आणून त्याच्या डोक्यावर घातली. माळ गळ्यात आली, मग छातीपर्यंत उतरली. माळ उतरते आहे म्हणजे कावीळ उतरते आहे, असं आम्ही सगळे एकमेकांना सांगत होतो. मीही रोज जाऊन माळच बघायचो, त्याचे डोळे बघत नव्हतो. दवाखान्यात नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. भाभी मुलांना घेऊन मलकापूरला माहेरी गेली. जाताना मला म्हणाली, "खेळणं सोडू नको रे."

हिवाळ्यात हंगाम सुरू झाला. भाईच्या जागी जळगावच्या कॉलेजात शिकणारा एक मुलगा आला. चांगला खेळायचा. पण तो मागं वळून बघायचा नाही, आणि खांबावर ठोकायचा नाही. का ठोकेल? त्याचे दोन्ही कान शाबूत होते. तरी प्रत्येक कॉर्नरला मी पॅडवर धप धप करून वाट बघायचो. उत्तर येत नाही म्हणून मान डावीकडे वळायची, आणि तेवढ्यात चेंडू उजवीकडून आत.

तो मुलगा एकदा चिडला. "अहो, काहीतरी बोला ना! तुमच्या मनातलं मला कसं कळणार?"

त्याचं बरोबरच होतं. तो सामना हरल्यावर कप्तान माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "तोंडात काय केळं धरलंय का? धुळ्याच्या स्पर्धेत हेच झालं तर मी दुसरा कीपर बघतो. मग खोलीही त्याला द्यावी लागेल."

त्या रात्री झोप लागली नाही. खोली गेली तर मुक्काम मालधक्क्यावर, नाहीतर गावी. आणि गावी जाऊन काय सांगणार, शाळाही गेली अन् हेही गेलं?

धुळ्याचं मैदान मुरमाड होतं. कडेला पुष्कळ लोक, बरेचसे खेड्यांवरून बाजाराला आलेले. आम्ही एका गोलनं पुढे होतो. शेवटी शेवटी समोरच्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला. मी सवयीनं पॅडवर ठोकलं. तो मुलगा खांबाशी समोर बघत उभा. डावीकडून काही आलं नाही.

येणारही नव्हतं. मला वाटतं, भाई गेला हे मला खरं तेव्हा कळलं.

मग मी ओरडलो. खांब तुझा, बाकी सगळं माझं, हे प्रमाण मराठीत जुळवायला वेळच नव्हता.

"हालू नको! खांबा तुन्हा, बाकी बठ्ठं मन्हं!"

मैदानभर हशा पिकला. कडेचा एक म्हातारा फेटा सावरत ओरडला, "आरे, हाऊ ते आपलाच शे!" तो कॉलेजवालाही हसला, पण पहिल्यांदाच माझ्याकडे बघून त्यानं मान हलवली.

चेंडू आला तो डावीकडेच, जमिनीलगत. मी मान वळवली नाही. त्या मुलाच्या स्टिकवर चेंडू आदळल्याचा आणि स्टिक मागं खांबावर आपटल्याचा आवाज तेवढा आला. ठक ठक. चेंडू बाहेर गेला होता.

शिट्टी झाल्यावर कप्तान म्हणाला, "गिळलं वाटतं केळं." खोलीबद्दल त्यानं पुन्हा कधी काही काढलं नाही. दुसऱ्या दिवशीचा सामना आम्ही हरलो, पण त्यातही मी घसा बसेपर्यंत ओरडत होतो.

आता मी मंगळुरात एका गोदामावर असतो. इथं माझी भाषा कुणालाच कळत नाही, त्यामुळे हसतही कुणी नाही. नव्या जागी जीव घाबरला की जिंकलो त्या संध्याकाळचं धुळ्याचं मैदान आठवतं. सगळे चहाला गेले होते. मी पॅड सोडून ठेवले होते. डाव्या खांबापाशी जाऊन मी स्टिकनं दोनदा ठोकलं. मग पायात पॅड नव्हते म्हणून नुसत्या मांडीवर हातानं दोनदा ठोकलं, आणि सामान उचलून चहाकडे गेलो.