आमचा बैल भ्याला तो दिवस

आमचा शर्यतीचा बैल कुणाला भीत नव्हता. कानाशी फटाक्यांची माळ लावली तरी निवांत रवंथ करायचा. द्रुतगती मार्गावर सोडला असता, तर खंडाळ्याच्या आत पोलिसांनी वेगाची पावती फाडली असती आणि ती त्यानं खाल्ली असती. यात थोडी भर माझी आहे. पुढच्यात नाही.

शर्यतीच्या आदल्या सकाळी, सुदुंबऱ्याच्या आमच्या गोठ्यात, थोरल्या भावानं त्याला गोचिडाच्या औषधानं धुतलं. चारचौघांत अंगावर गोचीड दिसायला नको म्हणून औषध न मोजता, सढळ हातानं ओतलं. बैल मी धरला होता. मग त्याला लांब दाव्याला बांधून आम्ही चहाला गेलो आणि त्यानं ओलं अंग चाटून काढलं.

चहा संपेस्तोवर त्याच्या तोंडातून लाळेची धार लागली. उन्हाळ्यात इंद्रायणीला तेवढं पाणी नसतं. मांड्या थडथडत होत्या, श्वास घरघरत होता, डोळ्यांतल्या बाहुल्या आकसून रेघेएवढ्या झाल्या होत्या. आईनं दृष्ट काढायला मिरच्या आणल्या. भाऊ दावं धरून उभा होता, आणि आता दावं तेवढं हातात राहणार असं मला वाटलं.

कान्हे गावाहून जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी बादलीचा वास घेतला आणि आणखी कुणी हात लावला होता, असं विचारलं. मी दोन्ही हात पुढं केले. म्हटलं, डॉक्टर, मीपण चाललो.

"तोंडाला लाळ सुटलीय?"

"न्हाई. जीभ टाळ्याला चिकटलीय."

"मग तुम्ही नुसते भ्यालाय. हात साबणानं धुवा आणि याला धरा."

इंजेक्शनं देता देता त्यांनी सांगितलं, ते असं. एक मज्जातंतू दुसऱ्याला निरोप देतो तो एका रसायनानं. काम झालं की ते लगेच पुसलं जातं. हे औषध ते पुसूच देत नाही, म्हणून लाळ आणि थरथर थांबत नाही. मेंदूतही तेच. तिथली घंटा वाजतच राहते, तिच्या हुकमानं मूत्रपिंडावरच्या ग्रंथी रक्तात ताणाचं संप्रेरक ओततात. समोर वाघ नाही, पण अंगात सगळी तयारी वाघ आल्याची.

दुपारपर्यंत लाळ आटली. डॉक्टरांनी बैल साबणपाण्यानं धुवून घेतला, जगेल म्हणाले. भावानं त्याच्या कपाळावर ठेवायला म्हणून हात पुढं केला, तर बैल भिंतीपर्यंत मागं सरकला.

"मला भितोय ह्यो," भाऊ म्हणाला.

डॉक्टर म्हणाले, लाळ इंजेक्शननं आटली, रक्तातलं भय ओसरायला वेळ लागतो. गर्दी नको, बोलणं नको. गावात माझं तोंड आजवर कुणाला बंद करता आलेलं नाही. त्या दिवशी मी मुकाट दारात बसलो.

ऊन उतरता उतरता बैल आपणहून पुढं आला, भावाचा हात हुंगला आणि जीभ बाहेर काढली. भावानं चटका बसावा तसा हात पाठीमागं लपवला.

"चाटू नगंस," तो हळू म्हणाला. "आसंल अजून माज्या हाताला."

मग उठून हात पुन्हा धुवायला गेला.